लेन्स नको, तिथी बघा

पत्र असं आहे:

‘गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगा कॅनडाला गेला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा आणि ५५-२५० मिलिमीटरची लेन्स कपाटात ठेवून गेला होता. तीन वर्षं ते तसंच पडून होतं. जानेवारीत आमच्या हास्यक्लबच्या मंडळींबरोबर ऐरोलीला बोटीतून फ्लेमिंगो बघायला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पक्ष्यांचे फोटो काढले. ६४० काढले. घरी येऊन बघते तर एकही धड नाही. नुसते गुलाबी ठिपके, तेही हललेले. बोटीत दोघांकडे तोफेएवढ्या लेन्स होत्या. त्यातले एक म्हणाले, “मॅडम, एवढ्याशा लेन्सने इथे काही होत नाही.” दीड-दोन लाखांची लेन्स घ्यावी का? आमचे हे म्हणतात, या वयात हा कसला नवा नाद. आणखी एक गोष्ट. परतताना कुणीतरी टाळ्या वाजवून अख्खा थवा उडवला. सगळ्यांनी उडतानाचे फोटो घेतले, मीही घेतले. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.’
— एक वाचक, मुलुंड पूर्व

ताई,

लेन्स घेऊ नका. निदान या हंगामात तरी नको. पुढच्या वर्षीही हाच नाद टिकून असेल तर फोर्टातल्या बोरा बाजाराकडे चक्कर मारा, चार दुकानांत विचारा, एखादी मोठी लेन्स दोन दिवस भाड्याने घ्या आणि ती गळ्यात अडकवून शिवडीला दोन तास उभ्या राहा. १५०-६००ची, म्हणजे तुमच्या २५०पेक्षा कितीतरी लांबचं जवळ आणणारी लेन्स साधारण दोन किलोची असते. दोन किलो म्हणजे किती, हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही, मानेला कळतं.

पण त्याआधी आज संध्याकाळी एक करा. लेन्स कॅमेऱ्यातून काढा, पुढच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागच्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा कापसाच्या तंतूंसारखं काही दिसतंय का? मुंबईत तीन पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सला बुरशी धरली नसेल तर नशीबच. बुरशी असेल तर ६४०पैकी बऱ्याच फोटोंचा दोष तुमच्याकडे येतच नाही. थोडी असेल तर दुरुस्तीवाला साफ करून देतो. नसेल तर उत्तम. यापुढे कॅमेरा कपाटात ठेवू नका. साखर-रवा ठेवतो तसा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्यात ठेवा.

आता हललेल्या फोटोंचं. तुम्ही कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. ऑटोवरच्या कॅमेऱ्याला वाटतं की समोर वाढदिवसाचा केक आहे. बोट हलतेय, पक्षी हलतोय आणि तुमचा श्वासही वरखाली होतोय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते आपण सांगायचं. वरच्या चकतीवर ‘टीव्ही’ (Tv) किंवा ‘एस’ (S) असं लिहिलेलं असेल, तिथे आणा आणि शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/१६०० किंवा त्याहून जास्त ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० ठेवा. फोटोत थोडी रवाळ कणी येईल, येऊ दे. कणी असलेला स्पष्ट पक्षी चालतो, गुळगुळीत हललेला चालत नाही. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा. कॅननवर त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉन-सोनीवर एएफ-सी. आणि फोकसचा एकच, मधला बिंदू. बोटीत कठड्याला कोपर टेकवू नका. आधार वाटतो खरा, पण इंजिनाची थरथर त्याच कठड्यातून हातात येते. पाय थोडे फाकवून उभं राहायचं किंवा बसायचं आणि कोपर स्वतःच्या पोटाला लावायचे.

बगळ्याचा फोटो काढलात तर तो बहुधा धुतलेल्या धोतरासारखा सपाट पांढरा आला असेल, पिसं दिसत नसतील. कॅमेरा आजूबाजूच्या काळ्या चिखलावरून उजेडाचा अंदाज बांधतो आणि पांढऱ्याचा चुना होतो. अधिक-उणे लिहिलेलं बटण असतं, ते उणे एकपर्यंत न्या. पाणकावळ्याच्या वेळी उलट, थोडं अधिककडे. यंत्राचं एवढंच. यापलीकडचं बाकी सगळं पुढच्या वर्षी.

त्या गृहस्थांच्या ‘एवढ्याशा लेन्स’बद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मीही एकेकाळी तसाच विचार करायचो. मोठी लेन्स अंतर कमी करते, हे खरंच आहे. पण खाडीवर तुमच्यातलं आणि पक्ष्यातलं अंतर लेन्सपेक्षा कितीतरी पटीने कमी-जास्त करणारी दुसरीच एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. पाणी.

माझी गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी उसनी लेन्स घेऊन मी पहिल्यांदा शिवडीला गेलो. मोठा अभ्यास करून गेलो होतो. शिवडीची दलदल मुंबई बेटाच्या पूर्व अंगाला, म्हणजे सकाळी सूर्य डोळ्यांवर येणार आणि संध्याकाळी पाठीमागून पडणार. म्हणून साडेपाचला पोचलो. ऊन अगदी हवं तसं, मऊ, पिवळं. आणि फ्लेमिंगो कुठे? क्षितिजावर कुणीतरी गुलाबी खडूने एक रेघ ओढली होती, बस. मधे नुसता चिखल. तासभर शेंगदाणे खात बसलो. शेजारी एक म्हातारे कोळी जाळं विणत होते. बराच वेळ माझी मजा बघून त्यांनी विचारलं, “आज तीथ कंची?” मला कुठली ठाऊक असायला. म्हणाले, “पुनव आज. पुनवेच्या संध्याकाळी पाणी पार तिकडं जातं. पाखरू पाण्याच्या कडेनं चरतं, ते काय तुझ्यासाठी हितं थांबंल?”

त्या दिवशी त्यांनी जो हिशेब शिकवला तो कोकणच्या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो, आपण शहरातले विसरलो. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराकडे झुकतं. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ही पाऊणकी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, वर खाडीत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेव्हा निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातली किंवा मोबाइलवरची नेमकी वेळ बघाच. पण महिन्याचा बेत आखायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला पाऊणकी मी काय शिकवणार.

याचा फोटोशी संबंध असा. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, उघड्या पडलेल्या चिखलावर आणि घोटाभर पाण्यात चरतो. चोच उलटी बुडवून पाणी-चिखल गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातो. गुलाबी रंग येतो तो त्याच खाण्यातून. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, तेव्हा पक्षीही दूर. पाणी चढायला लागलं की कडा किनाऱ्याकडे सरकते आणि तिच्याबरोबर पक्षी तुमच्याकडे चालत येतात. पाणी पूर्ण भरलं की चरायला जागा उरत नाही, मग ते उडून दुसरीकडे विसाव्याला जातात. म्हणजे हवा तो वेळ पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधीचा, नाहीतर तेवढाच नंतरचा. शिवडीला संध्याकाळचं ऊन हवं असेल तर दशमी-एकादशीला चार-साडेचारपासून बसा, पाणी चढत असतं. नाहीतर द्वितीया-तृतीयेला जा, त्या वेळी ते उतरत असतं. दुपारनंतर समुद्रावरून खारं वारं सुटतं, ते शिवडीला आपल्या पाठीवर येतं. पक्षी उडतो आणि उतरतो तो वाऱ्याकडे तोंड करून. पाठीवर ऊन, पाठीवर वारा आणि पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे. हे दोन लाखांत मिळत नाही.

ऐरोलीची दिशा याच्या उलट. ते खाडीच्या पूर्व काठावर, म्हणून तिथे सकाळ चांगली. मुलुंडकडे तोंड करून बघाल तर सूर्य पाठीशी राहतो. बोट पाणी असतानाच सुटते, त्यामुळे तिची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते. जागा आधी नोंदवाव्या लागतात. नोंदवताना सकाळची फेरी कुठल्या तारखांना आहे तेवढं विचारून घ्या. दहा-साडेदहानंतर चिखलावरची हवा तापून थरथरायला लागते, मग कितीही महागाची लेन्स असो, लांबचा पक्षी पाण्याखालून काढल्यासारखा येतो. त्या तोफवाल्या गृहस्थांचे फोटो एकदा मागून बघा. तुमची फेरी उशिराची असेल तर त्यांचेही ठिपकेच असतील, फक्त मोठे.

आणि भरती भर सकाळची असेल तर ऐरोली-शिवडी सोडा, सरळ ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळकडे जा. सीवूड्स स्टेशनवरून रिक्षा केली की पाणथळ जागा जवळच आहेत. खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगो तिथल्या तळ्यांत विसाव्याला येतात. एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपलेले. झोपलेला पक्षी नवशिक्याला देवासारखा. हलत नाही, घाई करत नाही आणि काठापासून फार लांबही नसतो. तुमची २५०ची लेन्स तिथे पुरून उरेल. तिथे दोन प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळाले तर ओळखून ठेवा. उंच, फिक्कट, चोच गुलाबी आणि टोक काळं तो मोठा रोहित. बुटका, गडद गुलाबी, चोच काळपट लाल तो छोटा. अधेमधे मळकट पांढरे-करडे दिसतात ती पिल्लं, आजारी नव्हेत. मला दर वर्षी कुणीतरी काळजीने विचारतं.

लहान लेन्सचा एक फायदा कुणी सांगत नाही. तिच्यात पक्ष्याबरोबर त्याचं घरही येतं. शिवडीहून फ्लेमिंगोंच्या मागे ट्रॉम्बेच्या बाजूची धुराडी येतात, अटल सेतू येतो. ऐरोलीला मागे विजेचे मनोरे, मुलुंडच्या इमारती, कदाचित तुमचीच. गुलाबी पक्ष्याचा नुसता चेहरा जगात कुठेही काढता येतो. हा फोटो इथेच निघतो. (शिवडीला पुलाच्या कामापासून पुष्कळ बदल झालेत, तेव्हा हल्ली पक्षी किती आणि कुठून दिसतात ते आधी विचारून जा. एकट्या जाऊ नका, आणि बाथरूमची सोय धरून तर मुळीच जाऊ नका. ऐरोलीला बोट सुटते त्या केंद्रावर ती आहे.) कुठेही गेलात तरी फोटोसाठी चिखलात पाय टाकायचा नाही. वरून घट्ट दिसतो, दुसऱ्या पावलाला गुडघा जातो.

आता टाळ्या.

तुम्ही लिहिलंत, मनाला लागलंय. लागू दे. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ओहोटी म्हणजे या पक्ष्यांची जेवणाची वेळ, तीही घड्याळाला बांधलेली. पाणी चढेपर्यंत जे खाल्लं तेच. आणि ते नुसतं आजच्या पोटापुरतं खात नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना लांबचा पल्ला मारायचा असतो. मोठे रोहित कच्छच्या रणात जाऊन घरटी घालतात. त्या प्रवासाची शिदोरी अंगावर साठवणं चालू असतं. एक टाळी वाजली की हजार पक्षी जेवण टाकून उडतात, चक्कर मारतात, पुन्हा उतरायला जागा शोधतात. दिवसाला अशा चार बोटी आल्या तर हिशेब तुम्हीच करा. शिवाय ऐरोलीची ती खाडी २०१५पासून अभयारण्य आहे, २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. अभयारण्यात प्राण्या-पक्ष्यांना त्रास देणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हे टाळ्या वाजवणाऱ्याला माहीत नसतं, आणि बोटीत सांगायला गेलं तर वाद होतो.

म्हणून बोटीत सांगायचंच नाही. बोटीत चढण्यापूर्वी, धक्क्यावर, बोटवाल्या दादांना सांगायचं: “दादा, आम्हाला लांबूनच चालेल, इंजिन हळू ठेवा, पक्षी उडाले नाहीत तर बरं.” त्यांनाही बरं वाटतं. बहुतेकदा जवळ न्या, उडवा, असा लकडा त्यांच्यामागे प्रवाशांनीच लावलेला असतो. हास्यक्लबातल्या मंडळींना चहा पिताना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या, चरणं थांबलं आणि थवा एका दिशेने भराभर चालायला लागला, म्हणजे आपण फार जवळ आलो. तिथेच थांबायचं. उडण्याची वाट बघायची ती त्यांच्या मनाने उडण्याची. पाणी चढलं की ते आपणहून उडणारच आहेत, आणि पाऊणकी आता तुम्हाला येते.

तुम्ही काढलेले ते उडत्या थव्याचे फोटो पुसू नका, ठेवा. मोठे करून पाय बघा. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं, त्यावरची अक्षरं वाचता आली, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३पासूनची आपल्याच शहरातली संस्था आहे, पक्ष्यांना कडी घालण्याचं काम ती करते. पुढच्या वेळी न उडवता काढलेल्या फोटोंतही हे बघायची सवय लावून घ्या.

रंगाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. फ्लेमिंगो बघायला जाताना गुलाबी ओढणी घेऊन येणाऱ्या बायका मी दर वर्षी बघतो. गंमत म्हणून ठीक आहे, पण खाकी, राखाडी, मातकट काहीतरी घाला. बोटीतून परतल्यावर कॅमेरा कोरड्या मऊ कापडाने पुसा, खारी हवा बटणांत जाऊन बसते. ओढणीच्या टोकाने लेन्सची काच पुसू नका.

राहिला तुमच्या ह्यांचा प्रश्न. ‘या वयात’ वगैरेला उत्तर देत बसू नका, त्यांना कामाला लावा. दिनदर्शिका बघून तिथीचा हिशेब त्यांच्याकडे द्या. पुरुषांना भरती-ओहोटीचं गणित दिलं की ते नादाला लागतात, असा माझा अनुभव आहे. आमच्या घरी हे नेमकं उलटं झालं. आता आमची ही मला सांगते, आज जाऊ नका, भांगाचं पाणी आहे, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी.

आणि बोटीची पुढची फेरी मिळेपर्यंत नुसतं बसू नका. मुलुंड पूर्वेला राहता, हायवेच्या पलीकडे मिठागरं आहेत. शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर तिथेच हिंडत असतो, तारेवर खंड्या असतो. खंड्या मासा घेऊन पुन्हा त्याच तारेवर येतो, म्हणून त्याच्या मागे पळायचं नाही, तारेवर आधी फोकस करून ठेवायचा आणि उभं राहायचं. पण त्याहून सोपा पक्षी तुमच्या नाल्यावर आहे, वंचक. मातीच्या रंगाचा, खांदे पाडून बसलेला, अर्धा अर्धा तास न हलणारा बगळा. नालाच बसलाय असं वाटतं. आणि उडाला की दोन्ही पंख पांढरेशुभ्र, म्हणून वंचक. रोज सकाळी साडेसातला त्याच जागी जा, त्याच पक्ष्याचे वीस फोटो काढा, वीसच. ६४० नाही. उडण्याआधी तो काय करतो ते बघा: मान ताणतो, अंग चोरतो, पुष्कळदा शिटतो. हसू नका, शिटला की बोट बटणावर ठेवायचं, हा नियम आम्ही सगळे पाळतो.

आठवड्याभरात पांढऱ्या पंखांचा एक तरी फोटो मिळेल. मला तो पाठवा. फ्लेमिंगोंचे माझ्याकडे पोत्याने आहेत, उडत्या वंचकाचा धड एकही नाही.